मठाचा नवा जिना

डब्लिन, ऑगस्टचा पहिला आठवडा

प्रिय फिंटन,

पाकिटावर ‘फादर मॅलकी’ लिहिलंय, कारण तुमच्या मठात टपाल उघडणाऱ्या ब्रदरना फिंटन नावाचं कुणी ठाऊक नसेल. पण आत तू फिंटनच. देवळातल्या माझ्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याच्या पांढऱ्या बुटात मासळीबाजारातला जिवंत खेकडा सोडणारा, आणि नंतर ‘देवाच्या जिवाला त्रास नको’ म्हणून तोच खेकडा अलगद नदीत नेऊन सोडणारा. माझ्या अंगठ्याचं काय झालं, हे तू तेव्हाही विचारलं नव्हतंस.

हे पत्र रागाने लिहिते आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिसऱ्या ओळीला डोळे मिटून तू माझ्यासाठी प्रार्थना सुरू करणार नाहीस. प्रार्थना नंतर कर. आधी शेवटपर्यंत वाच.

काल क्लोडा आली होती. आपल्या दुकानाला भिंत लावून जे हॉटेल उभं राहिलंय, त्याची ती ‘अनुभव अधिकारी’. हो, असं पद असतं. आपण जन्मभर फुकटात अनुभव घेतले, आता त्यावर अधिकारी नेमतात. पोरगी तशी वाईट नाही. डाएटवर आहे असं सांगत माझ्याकडचा सोडा ब्रेड दोन-दोन तुकडे खाते. काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, ‘इमेल्डा, गोड बातमी! उद्घाटनाला आशीर्वाद द्यायला खरेखुरे सिस्टर्शियन साधू मिळालेत. पांढऱ्या झग्यासकट!’ मी म्हटलं, ‘कुठून मिळाले? भाड्याने?’ ती म्हणाली, ‘छे हो, अगदी अस्सल. फादर मॅलकी. फोनवर आवाज इतका सुरेख, की मी त्यांना माईकच देणार आहे.’ माझ्या हातात उकळत्या पाण्याची किटली होती. ती मी शेगडीवर परत ठेवली. माझ्या संयमाचा याहून मोठा पुरावा तुला कुठल्याही संताच्या चरित्रात सापडणार नाही.

मग ब्रेडवर लोणी फासता फासता तिने सहज सांगितलं, ‘फादरांनी फारसं काहीच मागितलं नाही. आशीर्वादाच्या आधी थोडा वेळ खाली एकटं राहू द्या म्हणाले. आणि एक गोष्ट मात्र दोनदा विचारली, की खाली उतरायला दुसरी वाट झाली आहे ना, का अजून त्या चहाच्या दुकानातूनच जावं लागतं? मी म्हटलं, काळजी नको फादर, लॉबीतून काचेचा नवा जिना झालाय, त्या बाईंना त्रास द्यायची वेळच येणार नाही.’

त्या बाई म्हणजे मी. ते चहाचं दुकान म्हणजे ज्याच्या माडीवर तू जन्मलास ते. आणि ती अडचणीची वाट म्हणजे आपला स्वयंपाकघरामागचा बोळ, कोळशाची पेटी, तिथून खाली जाणाऱ्या पायऱ्या आणि शेवटी ते लोखंडी दार, ज्याची किल्ली आजोबांच्या काळापासून आपल्या घरात आहे. सरकारी खात्याने इथल्या जुन्या मठाचं उरलेलं एकुलतं एक, जमिनीखाली गेलेलं दालन ताब्यात घेतलं आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवली, तशी या देशातल्या निम्म्या पडक्या मठांची आणि बुरुजांची किल्ली कुणा ना कुणा शेजाऱ्याकडे असते. कुणी प्रवासी आला की आपली बेल वाजवायचा. आजोबा, मग बाबा, मग मी, हातातलं काम टाकून एप्रनला हात पुसत त्याला खाली न्यायचो. पगार नाही, पावती नाही. जर्मन लोक आले तर वर कॉफी घ्यायचे, आणि फ्रेंच लोक कॉफीला नावं ठेवायचे. एवढाच आपला आणि इतिहासाचा व्यवहार.

तो आता संपला. खात्याचं पत्र आलंय: दालन ‘आतिथ्य भागीदारी’खाली हॉटेलला दिलं आहे, सेंट बर्नार्डच्या दिवशी सकाळी किल्ली हॉटेलच्या स्वाधीन करावी, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. सेंट बर्नार्ड! तुमच्या पंथाचा थोरला माणूस, ज्याने मठाच्या भिंतीवर साधी नक्षी खपवून घेतली नाही. त्याच्या सणाला तिथे बार उघडणार आहे, आणि त्याला आशीर्वाद माझा भाऊ देणार आहे. बारचं नाव काय, हे क्लोडाने तुला सांगितलं की नाही? ‘मौन’. शुक्रवार-शनिवारी तिथे डीजे असणार आहे.

मालक मिस्टर प्रेंडरगॅस्ट परवा माझ्या दारात उभे राहून म्हणाले, ‘आम्ही मठ पुन्हा जिवंत करतोय, मॅडम.’ मी म्हटलं, ‘मारणाऱ्यांनीही इतकी मेहनत घेतली नव्हती.’ ते हसले. या लोकांचं हेच वाईट असतं. शिवी दिली तरी ती त्यांना स्थानिक रंग वाटते.

त्यांना मेन्यूच्या पाठीमागे छापायला मठाचा इतिहास हवा होता. ‘एकच पान, हलकंफुलकं.’ इतकी वर्षं तोंडाने सांगितलेला मी कागदावर उतरवून दिला. आणि मग तो दुरुस्त होऊन परत आला. फिंटन, तुला बसायला खुर्ची असेल तर बस.

मी लिहिलं होतं, की नऊशे वर्षांपूर्वी हे लोक आले तेव्हा शहर नदीच्या पलीकडे होतं, तटाच्या आत. अलीकडे नुसता चिखल, बगळे आणि पुराचं पाणी. त्यांना तेच हवं होतं, कारण माणसांच्या गलबल्यापासून लांब राहायचं हा त्यांचा नियम. पण स्वस्थ बसणं त्यांना जमेना. चिखलाचं शेत केलं, काठाला धक्का बांधला, गलबतं येऊ लागली, आणि ज्या शहराला पाठ फिरवून ते आले होते, ते शहरच नदी ओलांडून त्यांच्या दारात येऊन बसलं. मला हा भाग फार आवडतो. माणसांपासून पळणाऱ्याचं असंच व्हायला हवं. त्यावर समासात क्लोडाचा शेरा: ‘चिखल नको. नदीकाठचं निवांत वातावरण म्हणू या का?’

मी लिहिलं होतं, की दगडी कमानींच्या त्या दालनात साधू रोज सकाळी जमत, नियमाचं एक प्रकरण ऐकत, आणि मग ज्याच्या हातून चूक झाली असेल तो सगळ्यांसमोर उभा राहून आपल्या तोंडाने ती सांगत असे. तिथे आता लोक पिऊन दुसऱ्यांच्या चुका सांगणार, हे वाक्य मी आपणहून खोडलं होतं, बरं का. तरी त्यांनी आख्खा परिच्छेद काढला. ‘अपराधी वाटायला लावणारं काही नको, इमेल्डा. लोक सुट्टीवर असतात.’

इंग्लंडच्या राजाच्या माणसांनी मठ मोडला, साधूंना दारातून बाहेर काढलं, चांदी वितळवली, छपराचं शिसं उतरवून नेलं, असं मी लिहिलं होतं. परत आलं ते असं: ‘सोळाव्या शतकात मालकी बदलली आणि वास्तूचं नवं पर्व सुरू झालं.’ फिंटन, उद्या कुणी आपलं घर लुटलं तर पोलिसांत जाऊन मी असंच सांगणार आहे, की साहेब, माझ्या कपाटाचं नवं पर्व सुरू झालं. दगड नव्या पुलासाठी नेले, ते मात्र त्यांनी ठेवलं; ‘पर्यावरणपूरक’ वाटलं म्हणे. तो पूलही पुढे मोडून पुन्हा बांधला, आपले दगड त्यात उरलेत की नाहीत देव जाणे, तरी बाबा तो ओलांडताना टोपी काढायचे ते आठवतं ना? लोकांना वाटायचं म्हातारा नदीला सलाम करतोय.

आणि मेरीमातेची मूर्ती. ती तर सरळ गाळली. मठ मोडल्यावर त्या ओकच्या मूर्तीची पाठ पोखरून कुणी खाणावळवाल्याने डुकरांना खायला घालायचं कुंड केलं, पिढ्यान्‌पिढ्या ती अंगणात पालथी पडून राहिली, आणि तोंड मातीकडे होतं म्हणूनच चेहरा वाचला, असं आपल्याकडे सांगतात. मग कुणा धर्मगुरूला ती जुन्या बाजारात सापडली आणि पलीकडच्या देवळात उभी राहिली. क्लोडा म्हणाली, ‘जेवायच्या टेबलावर डुकरांची गोष्ट कशाला?’ मला आई आठवली. दर शनिवारी त्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची. मी एकदा तिला म्हटलं होतं, किती अपमान केला गं मेल्यांनी. तर आई म्हणाली, ‘अपमान कसला? तिच्यातून कुणीतरी पोटभर जेवलं ना? बाईला अजून काय हवं असतं?’

सगळ्यात जास्त आवडलं ते त्यांना रेशमी थॉमस या बंडखोर सरदारपुत्राचं प्रकरण. त्याच्या नावाचं एक पेय निघालंय, वर प्लास्टिकची इवलीशी तलवार खोचलेली. प्रवाशांना ही गोष्ट सांगताना बाबा कसे कमानीखाली उभे राहून हात फेकायचे! लंडनच्या किल्ल्यात बापाचं डोकं उडवलं अशी अफवा आली, तसा पंचविशीही न गाठलेला हा पोरगा आपले घोडेस्वार घेऊन या दालनात घुसला, राजाची तलवार तिथे भरलेल्या दरबाराच्या टेबलावर आपटली आणि बंड पुकारलं. बाप तेव्हा जिवंत होता. बातमी खोटी होती. त्यापायी पोराचा जीव गेला, पाच चुलत्यांचा गेला, घराणं बुडालं. मी या वेळी ते लिहिता लिहिता थांबले. एक मुलगा बापाच्या मरणाच्या खोट्या बातमीवर सगळं पणाला लावतो. दुसरा आईच्या मरणाच्या खऱ्या बातमीवर पोस्टकार्ड पाठवतो.

हं. आलं बाहेर. आता आलंच आहे तर सगळंच येऊ दे.

फेब्रुवारीत आई गेली तेव्हा मी तुमच्या मठात स्वतः फोन केला. तुला फोनवर बोलावून घेतलं आणि मातीचा दिवस सांगितला. मग कार्ड आलं: ‘इथे म्हाताऱ्या बंधूंना उठवायला-बसवायला मीच एकटा आहे. नियमाप्रमाणे इथूनच तिच्यासाठी प्रार्थना करीन.’ नियम! तुमचा नियम किती सैल झालाय ते मला माहीत नाही होय? तुमचे प्रमुख गुडघा बदलून घ्यायला आठवडाभर डब्लिनला येऊन राहिले, आणि माझ्या दुकानात बसून त्यांनी सफरचंदाचा केक खाल्ला. ‘घरच्या माणसांसाठी आम्ही कधीच अडवत नाही,’ असं तेच मला म्हणाले. म्हणजे आईच्या मातीला यायला नियम आडवा आला, आणि हॉटेलच्या दारूला आशीर्वाद द्यायचा म्हटल्यावर तोच नियम सुट्टीवर गेला. आणि तोही काचेच्या जिन्याने, बहिणीचं तोंड दिसणार नाही अशा बेताने. शाबास.

तू नव्हतास, म्हणून शवपेटीला पुढच्या उजव्या कोपऱ्याला खांदा कुणी दिला माहीत आहे? शेमी नोलनने. फळबाजारातला हमाल शेमी. तुला तो आठवणार नाही, पण त्याला तू चांगला ठाऊक आहेस. इतकी वर्षं तो तुझं जेवण जेवतोय.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण आईने शपथ घातली होती. तू मठात गेलास त्या वर्षी आम्ही सगळे तुला भेटायला आलो होतो, आठवतं? पाहुण्यांची व्यवस्था बघणारे ते म्हातारे ब्रदर, आईचं मन रमवावं म्हणून, तिला तुमच्या रीती सांगत होते. त्यात त्यांनी सांगितलं, की आमच्यातला कुणी वारला की जेवणाच्या टेबलावर त्याच्या जागी महिनाभर एक क्रूस ठेवतो, त्याचं ताट रोज वाढतो आणि ते दाराशी आलेल्या गरिबाला देतो. आईने ते फार लक्ष देऊन ऐकलं. घरी आली, टोपी काढली, भिंतीवरचा छोटा लाकडी क्रूस उतरवला आणि टेबलावर तुझ्या जागी ठेवला. ताट वाढलं, ते घेऊन दारात गेली आणि रस्त्यावरच्या पहिल्या भुकेल्या माणसाला हाक मारली. बाबा ओरडले, ‘अगं बये, पोरगा जिवंत आहे! मेलेल्यासाठी करतात ते!’ आई म्हणाली, ‘तो जगाला मेला म्हणून तिथे गेलाय ना? मग त्याचं करायला नको?’ महिना झाला. बाबा म्हणाले, ‘चला, आता तरी तो क्रूस उचल.’ तर आई म्हणाली, ‘मेला असता तर महिन्याने थांबले असते. जिवंत आहे, तर थांबू कशी?’

तेव्हापासून तुझं ताट रोज वाढलं गेलं. बटाटे, सॉसेज आणि कांदा घालून उकळलेलं कॉडल, शुक्रवारी मासा, नाताळाला हॅम. आधी जो दिसेल तो जेवायचा, मग शेमीच ठरून गेला. बाजारात त्याला ‘फादर शेमी’ म्हणतात. ‘काय फादर, आज काय नैवेद्य?’ असं ओरडतात. तो तुझ्या दीक्षेच्या फोटोसमोर बसतो, जेवण झालं की फोटोकडे बघून टोपीला हात लावतो आणि म्हणतो, ‘आभारी आहे रे, फिंटन. आज मीठ जरा कमी होतं.’ आईच्या पेटीला खांदा द्यायची वेळ आली तेव्हा मी इकडेतिकडे बघत होते, तर हा पुढे आला. एवढंच म्हणाला, ‘त्याच्या ताटावर जेवलोय, इमेल्डा. त्याच्या वाटणीचं ओझं कुणी उचलायचं मग?’

अजून एक आहे. ते तुला बोचावं म्हणून लिहायला घेतलं होतं, आता मलाच नीट लिहिता येत नाहीये. झटका आल्यावर आईची वाचा गेली. हॉस्पिटलात ती सारखी दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून एक गोल करायची आणि माझ्याकडे बघायची. नर्स म्हणाल्या, भूक लागली असेल. तर सूप आणलं की तोंड फिरवायची. कुणी म्हणालं, चष्मा हवा असेल. मला दुसऱ्या दिवशी उमगलं. मठातल्या त्या पहिल्या भेटीत तू तिला तुमची हातांची भाषा शिकवली होतीस, मौनात असताना टेबलावर भाकरी मागायची ती खूण. बसमध्ये परत येताना ती खिडकीशी बसून सारखी तो गोल करून बघत होती. म्हणजे तिला भूक नव्हती, फिंटन. ती मला विचारत होती, की त्याचं ताट वाढलंस का. मी म्हटलं, ‘वाढलं गं. शेमी जेवून गेला.’ तेव्हा तिने हात खाली ठेवले. नंतर ती खूण तिने पुन्हा केली नाही.

आता तू म्हणशील, एवढं सगळं सुनावायचं होतं तर फोन करायचास, आणि उद्घाटनाला येऊ नकोस असं एका वाक्यात सांगायचंस. काल संध्याकाळपर्यंत माझं तेच ठरलं होतं. क्लोडा गेली तशी मी फोन उचललाही होता. एवढ्यात शेमी जेवायला आला. मी भांडी आपटत होते, ते बघून म्हणाला, ‘काय झालं? हॉटेलवाल्यांनी आता भिंतच मागितली की काय?’ मी त्याला सगळं सांगितलं, तुझ्या नावाने चार शब्द जास्तच घातले. त्याने काट्याने बटाटा कुस्करला. मग म्हणाला, ‘तुला सांगणार नव्हतो. ईस्टरनंतर एकदा तो आला होता.’

मी म्हटलं, कोण? म्हणाला, ‘हा,’ आणि काट्याने फोटोकडे दाखवलं. ‘गल्लीच्या तोंडाशी उभा होता. साधा काळा कोट, हातात दातांच्या दवाखान्याचं नाव छापलेली पिशवी. दुकानाकडे बघत होता. पाऊस आला तरी हलला नाही. मी केळ्यांच्या पेट्या उतरवत होतो, म्हटलं आता जाईल, आता आत जाईल. दोनदा पुढे आला. दुसऱ्यांदा तर पार दारापर्यंत. मग वळला आणि पुलाकडे निघून गेला.’ मी म्हटलं, ‘तो फिंटनच कशावरून? तू त्याला कधी पाहिलंयस?’ शेमी माझ्यावर असा चिडला, की बस्स. म्हणाला, ‘रोज ज्याच्या समोर बसून जेवतो त्याचा चेहरा ओळखणार नाही मी?’

तो गेल्यावर मी क्लोडाचं बोलणं पुन्हा एकदा मनात घोळवलं. दुसरी वाट झाली आहे ना? खाली थोडा वेळ एकटं राहू द्या. आधी मला त्यात नुसता भित्रेपणा आणि तुसडेपणा ऐकू आला होता. भित्रेपणा तर आहेच, त्यात मी काडीची सूट देणार नाही. पण हॉटेलच्या बारला आशीर्वाद द्यायची हौस तुला नाही, एवढं मला कळलं. दुकानाच्या दारातून येण्याचं धाडस होईना, म्हणून तू नव्या जिन्याचं निमित्त शोधलंस. त्या दालनात उभं राहून, जुन्या रीतीने, आपली चूक आपल्या तोंडाने सांगायची आहे तुला. पण अरे शहाण्या, ते दालन भरलेलं असायचं. ज्यांच्यात राहायचं त्यांच्यासमोर सांगायची असते चूक. रिकाम्या कमानींना सांगून काय होणार? त्या नऊशे वर्षं सगळ्यांचं ऐकताहेत, आणि एकालाही त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

म्हणून हे पत्र. सेंट बर्नार्डच्या सकाळी किल्ली जाणार, पण आदल्या संध्याकाळी ती अजून माझ्या एप्रनच्या खिशात आहे. त्या संध्याकाळी ये. गल्लीतून ये, दुकानातून, स्वयंपाकघरातून, कोळशाच्या पेटीला वळसा घालून, आपल्या वाटेने. लहानपणी तू खाली गायचास तेव्हा आई वरच्या पायरीवर बटाटे सोलत ऐकायची; त्या पायरीवर मी बसेन. तुम्ही दिवसाच्या शेवटी दिवे मालवून मेरीमातेचं जे गाणं म्हणता ते तेवढं एकदा म्हण. आईच्या कबरीवर ते तू म्हणायचं होतंस. तिथे शेमीने म्हटलं, आणि तो कसा गातो ते तुला कळायला ते ऐकावंच लागेल. नंतर दुसऱ्या दिवशी त्या लोकांना आशीर्वाद द्यायचा की काचेच्या जिन्यावरून खाली बघून सरळ घरी जायचं, हे तुझं तू ठरव. मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. आणि हो, मला काही समजावू नकोस, क्षमा मागू नकोस, कार्डावरची वाक्यं तर मुळीच नकोत. माझा राग अजून संपलेला नाही, आणि तू एक शब्द बोललास की मी दहा बोलेन. दारात नुसता उभा राहा आणि हातांनी तो गोल कर. तुझं ताट वाढलेलं असेल. त्या दिवशी शेमीला मी दुसरं देईन; त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, ‘येऊ दे की. पण माझ्या खुर्चीवर नाही बसायचं.’

अजून तरी किल्लीवाली, आणि काही झालं तरी तुझीच,
इमेल्डा